स्टिअरिंग थरथरतंय? आधी चाकं बघा

प्रश्न : आमची 2011 ची एसयूव्ही ताशी 80 च्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरतं. तीनदा अलाइनमेंट केली, फरक नाही. मेकॅनिक स्टिअरिंग बॉक्स बदला म्हणतात. काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बॉक्सची घाई नको. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतात. ठरावीक वेगालाच येणारी थरथर बहुधा बॅलन्सिंगची असते, आणि ते काम स्वस्तात होतं.

पुढची चाकं काढून रिमच्या आतली बाजू पाहा. थरथर यायला तिथे वाळलेला मूठभर चिखलही पुरतो. तो खरवडून मगच बॅलन्सिंग करा. मशीनवर चाक फिरताना तुम्ही स्वतः समोर उभे राहा. रिम वाकलेली असेल तर तिची कड नाचताना दिसते. तरीही फरक नसेल तर पुढची चाकं मागे टाका. थरथर सीटखाली सरकली, तर दोष चाकातच. फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल, तर ब्रेक डिस्क तपासा.

टायरला फुगवटा दिसला किंवा जॅकवर चाक हलवताना टाय-रॉड एंड, बॉल जॉइंट खडखडला, तर दुरुस्तीआधी गाडी हायवेवर नेऊ नका.