घरखर्चाची वही: नारळ कोणत्या खात्यात?

घरखर्चाचा हिशेब बहुतेक घरांत पंधरवड्यात बंद पडतो. आळसाला उगाच दोष देतात. मांडणीच इतकी पसरलेली असते की दमलेला माणूस रात्री तिच्या वाटेला जात नाही. मोबाइलवरच्या ॲपमध्ये वीस-पंचवीस खाती, प्रत्येकाचा रंग वेगळा. आता मंगळवारचा नारळ कुठे टाकायचा? देवापुढे फोडला म्हणून पूजेत, की खोबऱ्याची चटणी झाली म्हणून किराण्यात? असल्या प्रश्नांपायी हिशेब मरतो.

साहित्य: शंभर पानी एकरेघी वही आणि तिला दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन. पेन बांधायचंच. वही स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगा. कपाटात गेली की ती पाडव्याला पूजेपुरती बाहेर येते.

१. दर महिन्याला नवं पान. वर महिना, खाली हातातली आणि बँकेतली मिळून आरंभीची शिल्लक. पगार आला की तोही तिथेच जमा. रोजमेळातलं एवढंच उचला. कीर्द, खतावणी, तेरीज दुकानदाराला लखलाभ.

२. उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने करा: तारीख, कशाला, किती. ‘कोणी खर्च केला’ हा चौथा रकाना काढू नका. त्यातून फक्त भांडणं निघतात.

३. जेवणं आटोपली की ज्याने पैसे दिले त्याने लिहावं. पूर्ण रुपयांत. नारळ, कोथिंबीर, साबण एका फेरीत आणले तर ‘वाण्याकडे ३४०’ एवढंच पुरे. यूपीआयने दिलेलेही हातानेच लिहा, बँकेत नोंद असली तरी. २०१६ साली यूपीआय आलं आणि पैसे देणं फारच सोपं झालं. पाकिटातली नोट सुटली की कळायचं, टपरीवर कोड स्कॅन करून दिलेले वीस रुपये कळतच नाहीत.

४. एखादा दिवस राहिला? आठवत बसू नका. शिल्लक मोजा. वहीप्रमाणे ४२,००० हवेत आणि आहेत ४१,३८०, तर ‘किरकोळ ६२०’ लिहून मोकळे व्हा. काटेकोर माणसाला हे सहन होत नाही. तो तीन दिवसांचा चहा आठवत बसतो आणि चौथ्या दिवशी वही सोडतो. किरकोळची रक्कम महिन्यामागून महिना फुगत गेली, तर मात्र आठवडाभर बारकाईने लिहा.

५. महिनाअखेरीला सर्वांत मोठ्या पाच रकमांभोवती गोल करा. घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता, शाळेची फी यांना हात लावता येत नाही. उरलेल्यांपैकी एकच निवडा आणि पुढच्या महिन्यात तेवढाच कमी करून बघा. सगळीकडे कात्री लावली की घर कुरकुरतं.

६. शेवटच्या पानावर वर्षातून एकदा येणारे खर्च: विम्याचा हप्ता, मालमत्ता कर, दिवाळी. बेरजेला बाराने भागा. २४,००० आले तर दरमहा २,००० बाजूला, पगाराच्याच दिवशी.

पावत्या वहीत चिकटवू नयेत, ती फुगते आणि खिळ्यावर राहत नाही. वॉरंटीच्या आणि दवाखान्याच्या तेवढ्या एका फाइलीत ठेवा. घरातूनच डबे किंवा शिवणकाम चालत असेल, तर धंद्याची वही वेगळी करा; तिथे उधारी आणि मालाची खरेदी येते, तीन रकाने पुरत नाहीत.