ध्वनिक्षेपकाची लांब वाट

ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढे सरकतो, तेव्हा त्याच्या मागील हवा विरळ होते. पुढची व मागची ध्वनिलहर अशा परस्परविरोधी असल्याने उघड्यावर त्या एकमेकींना पुसून टाकतात व खर्ज हरपतो. मागची लहर साध्या खोक्यात कोंडली, तर ती घुमते. मग सभागृहातील शेवटच्या रांगेत आवाज पोचतो, शब्द पोचत नाही.

यावर उपाय म्हणजे मागच्या लहरीस घड्या घातलेली लांब नळी देणे. बेंजामिन ओल्नी यांनी १९३६ मध्ये अशी वाट मांडली; आर्थर बेली यांनी १९६५ मध्ये तीत लांब धाग्याची लोकर भरली. लोकर मधले व वरचे स्वर शोषते. खालचा खर्ज मात्र नळीच्या तोंडातून बाहेर येऊन पडद्यास साथ देतो.

नळीची लांबी ध्वनिलहरीच्या एक-चतुर्थांश असावी. ३० अंश सेल्सियसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४९ मीटर असतो. ५० हर्ट्झसाठी ३४९ ला २०० ने भागले, की सुमारे १.७५ मीटर लांबी येते. दोन घड्या घातल्यास प्रत्येक पदर ५८ सेंटीमीटरांचा होतो. लोकरीमुळे लहर मंदावते, म्हणून नळी थोडी आखूडही चालते.

बोर्ली पंचतनच्या दमट, खाऱ्या हवेत भुशाचे फळे फुगतात. आपण मरीन प्लायवूड वापरावे व प्रत्येक सांधा हवाबंद करावा. आवाज वाढविणे सोपे आहे. तो स्पष्ट करणे हीच खरी विद्या, असे आम्ही मानतो.