गरिबीची रेषा एक, भाडी वेगळी

डेट्रॉईटमध्ये दर तिघांत सुमारे एक गरीब, सॅन फ्रान्सिस्कोत दहांत एक. असे आकडे वाचून आपण कोणते शहर बरे ते ठरवतो. पण ही रेषा आखली कशी?

१९६०च्या दशकात सोशल सिक्युरिटी खात्यातल्या मॉली ऑर्शान्स्की यांनी काटकसरीच्या जेवणाच्या खर्चाला तिनाने गुणले, कारण तेव्हा मिळकतीचा तिसरा हिस्सा जेवणावर जाई. पुढे त्यात फक्त महागाई मिळवत गेले. गावोगावचे घरभाडे त्यात नाहीच! मदतीसाठी त्यावरून ठरवलेला आकडा २०२५ साली चौघांच्या कुटुंबाला ३२,१५० डॉलर होता. अलास्का आणि हवाई सोडून सगळीकडे तोच.

म्हणजे महिन्याला २,६७९. आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये दोन बेडरूमच्या भाड्यातच त्यातले बहुतेक संपतील. २०११ पासून सेन्सस ब्युरो घरखर्च, कर आणि सरकारी मदत धरून दुसरे मापही काढतो. मला तेच अधिक खरे वाटते. त्यात महागड्या घरांचा कॅलिफोर्निया गरीब राज्यांत वर चढतो.

हे आपल्याला कशाला? शाळेतले फुकट जेवण या आकड्याच्या १३० टक्क्यांपर्यंत, सवलतीचे १८५ टक्क्यांपर्यंत. एका पगारावर ६०,००० मिळवणारे चौघांचे घर २०२५च्या आकड्याच्या हिशेबाने इथेही बाहेर होते आणि डेट्रॉईटमध्येही, जरी तिथे तेवढ्यात बरे भागत असले तरी. मात्र नोकरी गेली तर वर्षाच्या मध्येही अर्ज करता येतो. त्या वेळचे उत्पन्न धरतात आणि इमिग्रेशनचा दर्जा विचारत नाहीत. संकोचापायी आपली मंडळी हा फॉर्म भरतच नाहीत.