मिरजेचे शस्त्रवैद्य

डॉक्टर विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. १८८९ साली ते मिशनरी डॉक्टर म्हणून सांगलीस आले व तेथे त्यांनी लहानसा दवाखाना उघडला. १८९४ मध्ये मिरजेस त्यांचे रुग्णालय उभे राहिले. पुण्याची आगगाडी सातारा जिल्ह्यातून मिरजेस येई. रुग्णांची ही केवढी सोय!

त्या काळी शस्त्रक्रियेच्या नावानेच माणसे भीत. परंतु मोतीबिंदूवर औषधाची मात्रा चालत नाही. डोळ्यातील पारदर्शक भिंग गढूळ होऊन प्रकाशाची वाट अडते. ते भिंग काढून जाड चष्मा लावला, की मनुष्य पुन्हा पाहू लागे. काठी धरून गेलेला शेजारी आपल्या पायांनी वाट काढीत परतला, म्हणजे गावाचे भय आपोआप ओसरे. वानलेसांनी येथील तरुणांनाही ही विद्या शिकविली. १९२८ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.