तेल थंड राहिले तर इंजिनाला बरे?

प्रश्न : मी मिनेसोटात सेस्ना १७२ चालवतो. इंजिन लायकमिंगचे आहे. हिवाळ्यात तेलाचे तापमान १४० अंश फॅरनहाइटच्या वर चढत नाही. 'तेल थंड तेवढे चांगले,' असे सहकारी म्हणतात. उड्डाण नसेल तेव्हा मी जमिनीवरच इंजिन थोडा वेळ चालवतो. हे योग्य आहे ना?
– एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : काळजी करू नका, पण दोन्ही समजुती सोडा. इंधन जळताना पाणी तयार होते आणि त्याची थोडी वाफ तेलात शिरते. उड्डाणात तेल साधारण १८० अंशांवर राहिले तर ती निघून जाते. १६५ च्या खाली पाणी साचते, आम्ल तयार होते आणि कॅमशाफ्ट गंजू लागतो. जमिनीवर इंजिन चालवल्याने ओलावा उलट वाढतो, म्हणून ते बंदच करा.

आधी तापमापक तपासून घ्या. कित्येकदा दोष त्याचाच असतो. मग कूलरकडे जाणारे तेल नियंत्रित करणारा व्हर्नाथर्म मेकॅनिककडून पाहून घ्या. दोन्ही ठीक असतील तर सेस्नाचे हिवाळी किट बसवा. हवा सतत २० अंशांखाली असते तेव्हासाठीच ते आहे. थंडी ओसरली की काढा, नाहीतर इंजिन तापेल. कूलरवर मनाने चिकटपट्टी लावू नका, मान्यताप्राप्त झाकणच वापरा. १० अंशांखाली सुरू करण्यापूर्वी केवळ तेलाची टाकी नव्हे, संपूर्ण इंजिन गरम करा. ब्रीदर नळीचे तोंड बर्फाने बुजलेले नाही ना, हे प्रत्येक उड्डाणाआधी पाहा.