तंबूत निखारा नेऊ नकोस

रुक्मिणीनगर, अमरावती
9 डिसेंबर

चि. तेजस,

काल दर्यापूरला लग्नात तुझ्या मित्राची आई भेटली. जेवताना सहज म्हणाली, "तुमचा भाचा अन् आमचा पोट्टा होटलात राह्यनारच नाही म्हने, रेतीत तंबू ठोकून झोपनार हायेत. थंडी रायते म्हनून घडीची शेगडी बलावली त्याईनं, कोयसाबी घेऊन ठेवला." ती कौतुकानंच सांगत होती. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

दिवाळीत तू मला सांगितलंस की कृषी विद्यापीठाची सहल राजस्थानला जाते आहे. तुझ्या बाबालाही तेच सांगितलं असणार. सहल नाहीच. तुम्ही पाच जण, 27 तारखेला विद्यापीठातली भाऊसाहेबांची जयंती आटोपली की निघणार, जोधपूरपर्यंत रेल्वे, पुढं भाड्याची गाडी, आणि जैसलमेरजवळच्या समच्याही पलीकडं, जिथं कॅम्पवाले नाहीत अशा जागी उघड्या वाळूत रात्र काढणार. काहून असं केलंस रे? खोटं बोललास त्याचा राग आहे, तो पुढं काढीन. आधी शेगडीचं बोलते, कारण रात्रभर मला दुसरं काही सुचलं नाही.

तंबूत शेगडी न्यायची नाही. कोळसा न्यायचा नाही, निखारा न्यायचा नाही, गॅसची लहान चूलही आत पेटवायची नाही. तंबूची चेन अर्धी उघडी ठेवली तरी नाही. "जरा ऊब येईपर्यंत" म्हणूनही नाही.

विनायककाकाचा फोटो बैठकीत तुझ्या आजोबांच्या शेजारी आहे. काका जागलीत गेला, एवढंच तुला ठाऊक. आजीनं त्यानंतर लोखंडी घमेलं घरात येऊ दिलं नाही, हेही तू पाहिलंस. का, ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल, कारण आपल्या घरात ते बोलतच नाहीत. मी सांगते. पौषाचे दिवस होते. हरभऱ्याचे घाटे भरले होते आणि रात्री रानडुकरं, रोही शेतात शिरायचे. विनायक जागलीला गेला. वारा बोचत होता म्हणून त्यानं खोपडीला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली. बाहेर शेकोटी केली, ती विझत आली, धूर गेला, लाल निखारे उरले. ते घमेल्यात भरून त्यानं आत घेतले आणि झोपला. सकाळी आजोबा त्याच्यासाठी चहा घेऊन गेले. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. झोपेत असल्यासारखाच होता, म्हणून आजोबांनी दोनदा हाक मारली. गावात कोणी साप म्हणालं, कोणी बाहेरची बाधा म्हणालं. चिरफाड झाल्यावर कळलं की निखाऱ्यांच्या वायूनं गेला.

तू विज्ञान शिकतोस, तुला कार्बन मोनॉक्साइड ठाऊक आहे. पण पुस्तकात ठाऊक असणं आणि पहाटे चार वाजता कुडकुडताना आठवणं यात फार अंतर आहे. त्या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटीनं घट्ट धरतं. धूर गेला म्हणजे धोका गेला असं माणसाला वाटतं आणि तिथंच तो फसतो. डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते. त्या झोपेत उठून तंबूची चेन उघडायचं बळ राहत नाही. शिवाय तुमचा तंबू त्या ताडपत्रीपेक्षा किती घट्ट शिवलेला असेल, विचार कर.

तुम्हा अकोल्याच्या पोरांना उन्हाची भीती नाही, हे मला कळतं. मे महिन्यात 45 अंशांच्या पुढं पारा जातो आणि तुम्ही डोक्याला दुपट्टा बांधून फिरता. 2016 च्या मे महिन्यात फलोदीला 51 अंश झाले तेव्हा तू मला फोन करून विचारलं होतंस, आत्या, आपल्यापेक्षा जास्त? त्यामुळं वाळवंट म्हणजे ऊन हेच तुझ्या डोक्यात बसलंय. पण डिसेंबरात तिथं ऊन त्रास देत नाही, रात्र देते. जैसलमेरला वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो. हवा कोरडी, आभाळात ढग नाही, जमिनीत ओल नाही. दिवसाची ऊब धरून ठेवायला काहीच नसतं, म्हणून सूर्य बुडाला की वाळू झपाट्यानं निवते. रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, कधी 5 च्याही. आपली काळी माती अशी वागत नाही. शिवाय तुम्ही अकोल्यापासून सहा अंश पश्चिमेला आणि सहा अंश उत्तरेला असाल. सूर्य तिथं आपल्यापेक्षा अर्ध्या तासाहून अधिक उशिरा उगवतो. सगळ्यांत कडक थंडी सूर्योदयाच्या जरा आधी असते. तुमच्यातला कोणीतरी त्याच वेळी म्हणेल, शेगडी आत घेऊ बे. त्या वेळी विनायकचं नाव घे. मोठ्यानं घे. मित्र हसले तरी घे.

आता रागाचं. तू खोटं बोललास, म्हणजे त्या रात्री तू कुठं आहेस हे पृथ्वीवर कोणालाच ठाऊक नसणार होतं. समपासून जैसलमेरचं जवाहिर रुग्णालय 40 किलोमीटरवर. समच्या पुढं मोबाइल लागेलच याची खात्री नाही. सीमेकडच्या काही भागात परवानगीशिवाय जाता येत नाही, लष्कराच्या सरावाच्या जागाही त्या जिल्ह्यात आहेत. गाडी वाळूत रुतली, कोणाचा पाय मोडला, तर आम्ही अकोल्यात बसून विद्यापीठाच्या सहलीची चौकशी करत राहिलो असतो. आणि विद्यापीठानं सांगितलं असतं, आमची सहलच नाही. तो क्षण तुझ्या बाबानं कसा काढला असता? विनायक गेला तेव्हा तो आठवीत होता. तो आजही थंडीत तुझ्या खोलीची खिडकी रात्री उघडून जातो आणि तू चिडतोस. तो का उघडतो, आता तरी समजून घे.

मी तुला जाऊ नको म्हणेन असं तुला वाटलं असेल. नाही म्हणणार. त्यामागं एक गोष्ट आहे, ती मी तुझ्या बाबालाही कधी सांगितली नाही.

विनायक गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमची विदर्भ महाविद्यालयाची भूगोलाची सहल जोधपूर-जैसलमेरला निघाली. माझं नाव यादीत होतं. आजोबा म्हणाले, "आता या घरातलं कोनी रातीले बाहीर झोपनार नाही." ते ओरडले नाहीत. ते रडत होते, त्यामुळं मला हट्ट करता आला नाही. मैत्रिणी जाऊन आल्या, एकीनं पुडीत वाळू आणून दिली. मग माझी सगळी नोकरी फळ्यावर वाळवंट काढण्यात गेली. चंद्रकोरीसारखे वाळूचे बारखाण काढायचे आणि पोरींना सांगायचे, शिंगं वाऱ्याच्या दिशेनं जातात, वाऱ्याकडची बाजू मंद उताराची, पलीकडची तीव्र. पोरी विचारायच्या, बाई, वाळू पायाखाली कशी लागते? मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. नंतर लग्न, सासूबाईंचं आजारपण, पोरांच्या परीक्षा. आता गुडघे साथ देत नाहीत. भीतीनं आमच्या घरातला एक जीव परत आणला नाही, पण बाकीच्यांना मात्र घरात बसवलं. तुझ्या वाट्याला ते येऊ नये असं मला वाटतं. म्हणूनच तू खोटं सांगून गेलास तर मला दुप्पट लागेल. खरं सांगून जा. बाबाशी बोलायला मी सोबत बसते. रविवारी पॅसेंजरनं अकोल्याला येते.

तर मग जायचंच आहे तर नीट जा. समच्या कॅम्पमध्येच राहा, ही माझी विनंती. तिथं माणसं असतात, गाद्या-रजया असतात, दुपारीच सांगून ठेवलं तर जास्तीची रजई देतात. स्वतःचा तंबू हवाच असेल तर कॅम्पवाल्याला विचारून त्याच्या हद्दीत लावा. शेकोटी बाहेर करा, भोवती बसा, गाणी म्हणा, आणि झोपायला जाताना निखारे वाळूनं पूर्ण झाकून जा. जळणासाठी झाड तोडू नका. तिथली खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी. जोधपूरजवळ खेजडलीला 1730 साली बिश्नोई समाजाच्या 363 माणसांनी ही झाडं वाचवताना प्राण दिले. तिथल्या गावकऱ्याला तुमच्या हातात खेजडीची फांदी दिसली तर त्याला काय वाटेल, ते तुला सांगायला नको.

जमिनीवर झोपू नका, खाट मागा. मण्यार रात्री फिरते, अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश दुखत नाही, सुजतही नाही. तिथल्या लोकांनी तिला श्वास पिणारी म्हणून पीवणा नाव दिलंय. पोट दुखलं, पापण्या जड झाल्या, तर पित्त म्हणून अंगावर काढू नका, थेट रुग्णालय गाठा. फुरसं तिथं बांडी म्हणून ओळखतात, ते वाळूतच दबून असतं, म्हणून लघवीला जाताना विजेरी हवी आणि बूट झटकून घालायचे. विंचवाचंही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवावर प्राझोसिन वापरून किती माणसं वाचवली, ते मी तुला मागं वाचून दाखवलं होतं. औषध आहे, पण वेळेवर पोचावं लागतं. आणि सगळ्यांत आधी, ठरलेल्या जागेचा कागद बाबाजवळ ठेवून जा. गाडीचा नंबर, चालकाचा नंबर, कोणत्या रात्री कुठं.

सम हे मरू राष्ट्रीय उद्यानाच्या अंगावरच आहे, 3162 चौरस किलोमीटरचं. माळढोक आता मुख्यतः त्याच भागात टिकून आहे. एकेकाळी आपल्या महाराष्ट्राच्या माळांवर तो होता, नान्नजचं अभयारण्य त्याच्यासाठीच केलेलं. मोठ्या आवाजातले स्पीकर नेऊ नका, एवढंच म्हणते.

जोधपूरला उतराल तेव्हा एक दिवस थांब. तिथं केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था आहे, 1959 पासूनची. उडणारी वाळू झाडं लावून कशी थांबवायची, कमी पाण्यात बोर आणि बाजरी कशी काढायची, हे त्या लोकांनी शोधून काढलं. तू खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याचा नातू. पूर्णेच्या काठचं खारं पाणी पिऊन वाढलेल्या पोरानं ते बघायलाच हवं. घरी आलास की मला त्यांची रोपवाटिका कशी आहे ते सांग. कागदावर काढून दाखव.

आणि रात्री एकदा उत्तरेकडं बघ. लहानपणी गच्चीवर तुला ध्रुव दाखवायची, तेव्हा तो वितीभर वर दिसायचा, 21 अंशांच्या आसपास. तिथं तो 27 अंशांवर असेल. तू स्वतःच्या डोळ्यांनी पृथ्वीची गोलाई पाहशील. मी आयुष्यभर हे शिकवलं, पण ध्रुव कधी अकोला-अमरावतीपेक्षा वर पाहिला नाही. तू मुठीनं मोजून बघ, हात लांब करून, मी शिकवलं होतं तसं. किती मुठी भरल्या ते मला कळव.

आजीनं शिवलेली जाड वाकळ मी तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. ओझं होईल म्हणू नकोस. दोघांना पुरते. दशम्या आणि जवसाची चटणी गाडीसाठी करीन, मित्रांसाठीही करीन. त्या घडीच्या शेगडीचे पैसे वाया जातील याची चिंता करू नकोस, ते मी देते, ती माझ्याकडं आणून दे. रागावले त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू नसतास तर रात्रभर जागायला मला कारण काय होतं?

बाबाशी रविवारी बोलायचं आहे. त्याच्या आधी तू एकटा काही बोलू नकोस, तो घाबरेल. आणि तंबूतून सकाळी उठलास की सगळ्यांत आधी मला फोन कर. नेटवर्क नसेल तर सापडेल तिथपर्यंत चालत जा, पण कर. मी पहाटेपासून फोन जवळ घेऊन बसलेली असेन.

तुझी
मोठी आत्या