जुनी पेटी घेताना : दहा हजारांचा हिशोब

साधी, डबल सुराची नवी पेटी घ्यायला गेलं तर आज साधारण १५ ते २५ हजार रुपये मोजावे लागतात. स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्यांचा संच सरकवून सा बदलता येणारी पेटी, तर त्याहून बरीच महाग. इकडे मुलगी गाण्याच्या क्लासला जायला लागून जेमतेम चार महिने झालेले, पुढे टिकेल की नाही देव जाणे, आणि बाई म्हणतात, घरी पेटी हवीच. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या कितीतरी घरांतला हा पेच आहे. भजनी मंडळांचं दुखणंही तेच; वर्गणीतून जमलेले दहा हजार आणि दुकानातला भाव यांचा मेळ बसत नाही.

दहा हजारांत जुनी पेटी मिळते आणि ती नीट वाजतेही. फक्त सगळे दहा हजार विकणाऱ्याच्या हातावर ठेवायचे नाहीत. सात हजार पेटीला आणि तीन हजार दुरुस्तीला, अशी वाटणी घरातून निघतानाच करा. जुन्या पेटीत काहीच काम निघालं नाही असं क्वचित घडतं.

त्याआधी, क्लासच्या बाईंनी किंवा सरांनी पेटी आणायला सांगितलेली नसेल, तर ती हवी का हे त्यांना विचारून घ्या. पेटीचे सूर एका जागी पक्के बसवलेले, त्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, निघत नाही, हा आक्षेप जुना आहे. याच वादात आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशकं पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. आजही काही गुरू गाणं शिकणाऱ्याला पहिली काही वर्षं तानपुऱ्यावरच बसवतात. तसं असेल तर मोबाइलवरचं तानपुऱ्याचं अॅप लावा, खर्च शून्य.

पेटी शोधायची कुठे? ओएलएक्सच्या आधी सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप बघा आणि आपल्या कॉलनीतल्या, नवीन पनवेलच्या, कामोठ्याच्या क्लासेसमध्ये तोंडी सांगून ठेवा. वाशीला संकुल असलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला होतात. त्या आटोपल्या की काही मुलं क्लास सोडतात, काही साध्या पेटीवरून स्केल चेंजरवर जातात. विचारायची वेळ तीच. दादरला जायची तयारी असेल तर तिथल्या वाद्यांच्या दुकानांत जुन्या पेट्यांची चौकशी करता येते. दादर पश्चिमेचं 'हरिभाऊ विश्वनाथ' हे १९२५ पासूनचं नाव पेटी वाजवणाऱ्या बहुतेक मराठी घरांना माहीत आहे. दुकानातली जुनी पेटी घरगुती सौद्यापेक्षा दोन-तीन हजारांनी महाग पडेल, पण ती तपासून आणि लावून मिळाली, तर तो फरक दुरुस्तीच्या खात्यातलाच समजा. ऑनलाइन जाहिरातीवर मात्र पेटी प्रत्यक्ष वाजवून पाहिल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नका, आणि 'पैसे मिळण्यासाठी क्यूआर स्कॅन करा' म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

आता मुख्य काम, म्हणजे तपासणी. पॉलिश, पितळी कोपरे, वरची नक्षी याकडे आधी बघूच नका. पेटीचा भाव भाता आणि सूर ठरवतात.

सगळ्या खुंट्या बंद करा. भाता मारून हवा भरा आणि एकही पट्टी न दाबता भात्यावर हाताचा भार ठेवा. भाता अडला पाहिजे, मिटला तर अगदी सावकाश. झटकन मिटत असेल तर भात्याच्या घड्यांतून किंवा पेटीच्या सांध्यांतून हवा जाते आहे. मग खुंट्या उघडून हेच पुन्हा करा. बंद असताना टिकणारी हवा आता पळत असेल, तर दोष पट्ट्यांखालच्या चामडी गाद्यांत आहे. चामडं वाळलं की गादी भोकावर घट्ट बसत नाही. हा खर्च भात्याच्या मानाने हलका. पट्टी न दाबताच एखादा सूर बोलायला लागला, तर तीही बहुधा गादीची किंवा तिच्या स्प्रिंगची तक्रार असते. नंतर मधल्या सप्तकातली एकच पट्टी दाबून भरलेल्या हवेवर सूर किती टिकतो ते बघा. दहा-पंधरा सेकंद तरी टिकायला हवा.

डबल सुराच्या पेटीत प्रत्येक पट्टीखाली दोन सूर, म्हणजे दोन पितळी पाती, असतात, बहुतेक वेळा एक खर्जाचा आणि एक त्याच्या वरच्या सप्तकातला, म्हणजे नर. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या, म्हणजे ८४ सूर. हे सगळे एकेक करून ऐकायचे. आधी खर्जाची खुंटी उघडून डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी, मग ती मिटून नराची. विकणारा कंटाळला तर कंटाळू दे. हळू भात्यावर सूर उशिरा बोलतो का, जोरात भाता मारल्यावर बसतो का, झणझणतो का, हे ऐका. नुसती धूळ अडकलेला सूर साफ केला की बोलतो. तुटलेला बदलावाच लागतो. मुका सूर एखाद-दुसरा असेल तर भाव पाडा, सहा-सात असतील तर चहा पिऊन परत या.

सूर लागलेले आहेत का, हे मोबाइलवरच्या ट्यूनरनेही कळतं. पांढरी सहा, म्हणजे ट्यूनरवरचा A, ४४० हर्ट्झवर यायला हवी. अख्खी पेटी सारख्याच प्रमाणात थोडी चढी किंवा उतरी असेल तर घरच्या रियाजाला अडत नाही, कारण अॅपचा तानपुरा तिच्याबरोबर लावून घेता येतो. एक पट्टी चढी आणि शेजारची उतरी, हे मात्र कानाला बिघडवतं. मूल त्याच सुरात गळा लावतं.

आणि आता ती गोष्ट, जी बहुतेक गिऱ्हाइकं बघतच नाहीत. वरचं झाकण आणि जाळी काढायला सांगा. सुरांची पाटी दिसण्यासाठी आणखी काही उघडावं लागलं तर विकणाऱ्याच्या हातूनच उघडून घ्या. मोबाइलचा टॉर्च पितळी सुरांवर धरा. सूर लावताना कारागीर पितळ खरवडतो : टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. एक-दोन बारीक ओरखडे असणारच. पण सुरांची पाती दोन्ही टोकांना घासून पातळ झाली असतील, चकाकणाऱ्या रेघांचं जाळं दिसत असेल, तर ती पेटी अनेकांच्या हाताखालून गेलेली आहे. असे सूर आज लावले तरी टिकत नाहीत. गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर चांगले मानले जातात, आणि महायुद्धाआधीच्या 'जर्मन सुरां'साठी विकणारा वाटेल तो भाव सांगतो. पाटी उघडून दाखवत नसेल तर त्या शब्दाचे पाच रुपयेही देऊ नका.

ऋतूचाही परिणाम असतो. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात; उन्हाळ्यात तेच लाकूड सुकून हवा सोडतं. जुलैत नीट चालणारी पेटी मेमध्ये गळू शकते आणि मेमध्ये छान वाटलेली जुलैत अडेल. म्हणून दुसऱ्या ऋतूत कशी वागते, हे विकणाऱ्याच्या घरी ती वाजवणाऱ्याला विचाराच. तळाशी लाकडाचा बारीक भुसा दिसला तर कीड लागलेली आहे, विषय संपला.

या बजेटमध्ये स्केल चेंजर घेऊ नये असं मी म्हणेन. जुना १८ ते ३० हजारांना मिळतो. दहा हजारांत कुणी देत असेल, तर सरकणारा पट्ट्यांचा संच झिजून नेमक्या जागी बसत नसण्याचीच शक्यता जास्त, आणि ते काम करणारा कारागीर कोपऱ्यावर मिळत नाही. वजनही १५ किलोच्या आसपास. आपल्याकडच्या बिनलिफ्टच्या सिडको इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते रोज कोण उचलणार? साधी पेटी दहाएक किलोची. कपलरचंही, म्हणजे एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप दाबणाऱ्या सोयीचंही तसंच, शिकणाऱ्याला त्याची गरज नसते.

भाव करताना आजच्या नव्या तशाच पेटीची किंमत धरा. चालू स्थितीतल्या जुन्या पेटीला त्या किमतीच्या निम्म्यापर्यंत ठीक, आणि त्यातून दुरुस्ती वजा. समजा मागणी या निम्म्याइतकीच, ९ हजारांची आहे. साफसफाई आणि सूर लावणं दोन-अडीच हजार, दोन सूर बदलणं पाचशे, म्हणजे तीन हजारांपर्यंतचं काम. तुमचा आकडा सहा. साडेसहापर्यंत जायला हरकत नाही. भाताच नवा करायचा असेल तर आणखी दोन-तीन हजार जातात आणि तुमचं बजेट तिथेच संपतं. हे दर ढोबळ आहेत. सौद्याआधी कारागिराला फोनवर विचारून पक्के करा. 'घेतली तेव्हा २२ हजारांची होती' या वाक्याचा भावाशी काही संबंध नाही.

दादरहून आणायची असेल तर कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने खांदेश्वर. गर्दीची वेळ टाळा, मालडब्यात चढा, भात्याचा पट्टा लावून घ्या आणि पेटी आडवी टाकू नका. पैसे दिल्यावर साध्या कागदावर तारीख, रक्कम आणि सही एवढं तरी घ्या.

आणि ज्यांच्या घरी पलंगाखाली पेटी पडून आहे, त्यांनी ती या महिन्यातच विकायला काढावी. न वाजवता ठेवलेल्या पेटीचं चामडं वाळतं, सुरांवर कळंक चढतो, आणि आज सहा हजारांना जाणारी पेटी दोन पावसाळ्यांनी तीन हजारांनाही कुणी नेत नाही.